शेवटच्या पानाचा अर्थ

मंगळवारी सकाळी हजेरी घेताना घनश्याम टेंभरे मास्तरांनी बिसराम रहांगडालेचं नाव तीनदा पुकारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं नाही. बिसराम आला नाही याचं मास्तरांना फारसं वाईट वाटलं नव्हतं. धानाच्या मुलुखात मॅट्रिकच्या वर्गाला दांडी मारणं हा पोरांचा हक्कच समजतात. वाईट वाटत होतं ते पुस्तकाचं. ते बिसरामबरोबर शनिवारी दवनीवाड्याला त्याच्या घरी गेलं होतं आणि सोमवार उलटला तरी परत आलं नव्हतं.

पुस्तक म्हणजे त्या वर्षी इंग्रजीला लावलेली जुनी अमेरिकन कादंबरी. तिकडे तिला फार थोर मानतात म्हणे. तिरोड्याच्या त्या हायस्कुलात तिची एकच प्रत होती. बाकीच्या प्रती नागपूरचा दुकानदार जूनपासून उद्या पाठवत होता, आणि आता ऑक्टोबर लागला होता. तेव्हा मास्तरांनी पाळी लावली, एकेका पोराकडे दोन-दोन दिवस. एकुलती एक प्रत म्हणून नियमही घातले. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. जमिनीवर ठेवायचं नाही. उष्ट्या तोंडाने वाचायचं नाही. वाचून झालं की लाल फडक्यात बांधून उंचावर ठेवायचं. फडकं मास्तरांनी स्वतःच्या पदरचं दिलं होतं. हे नियम करताना त्यांना स्वतःचं भारी कौतुक वाटलं होतं, आणि पुढचं सगळं रामायण त्या नियमांनीच घडवलं.

हजेरी संपते न संपते तोच हेडमास्तर मुन्नालालजी दारात उभे राहिले. हातात सरकारी पाकीट होतं.

"टेंभरे, गुरुवार को इन्स्पेक्टर नाफडे साहब आ रहे हैं. तुमच्याच वर्गाची तपासणी. लिहिलंय, कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणावर प्रश्न विचारणार."

"शेवटच्या?"

"काऊन, झाला नाही का शेवट? अरे, एम.ए.ला त्यांनी हीच कादंबरी केली होती. घोटून प्यायलेले आहेत. नीट सांभाळा, बाबा. तुमचा कायमचा कागद त्यांच्याच सहीने निघणार आहे."

वर्गात कादंबरी एकशे चाळीसाव्या पानावर होती. एकूण पानं तीनशे दोन. आणि खरं सांगायचं तर एकशे चाळीसच्या पुढे मास्तरही गेले नव्हते, कारण पुस्तक सदा पोरांच्या पाळीत फिरत होतं. दोन वर्षांपासून त्यांची नोकरी हंगामी होती. वैशाखात लग्न झालं होतं, पण सासऱ्याने स्पष्ट सांगितलं होतं, "नोकरी कायम झाली का गीता तुमच्या घरी. तवरोक आमच्या घरी." त्यामुळे नाफडे साहेबांची सही ही मास्तरांना नुसती सही वाटत नव्हती. त्यांनी रजेचा अर्ज खरडला, सायकल काढली आणि दवनीवाड्याचा रस्ता धरला.

बिसरामच्या घरासमोर मांडव दिसला तेव्हा मास्तर सायकलवरून उतरले. कोणी गेलं की काय? मांडवाखाली चाळीस-पन्नास माणसं मांडी घालून बसली होती. मधोमध चौरंग, चौरंगावर झेंडूची फुलं, उदबत्ती, आणि लाल फडक्यावर उघडून ठेवलेली शाळेची कादंबरी. तिच्या कडांना हळद-कुंकू लागलं होतं. शाळेचा शिक्का असलेल्या पानावर अक्षता होत्या. चौरंगामागे बिसराम गळ्याभोवती रुमाल गुंडाळून बसला होता.

बिसरामचे आजोबा उदेलाल पटेल उठून पुढे आले. सत्तरीचा उंच, ताठ म्हातारा. गावातली सर्वांत मोठी बोडी, म्हणजे पाण्याचा तलाव, त्यांच्या शेतात होती आणि ते त्यांच्या चालण्यावरून कळत असे.

"या मास्तरजी. पाय धुवा आंधी. पोथीले पारोसं चालत नाई. तुमचाच नेम आहे ना जी?"

"पटेलजी, ही पोथी नाही. शाळेचं पुस्तक आहे."

"हात धुवून शिवाचं, खाली ठेवाचं नाई, उष्ट्या तोंडानं वाचाचं नाई, लाल बासनात बांधाचं. याले पोथी नाई म्हनाचं त कायले म्हनाचं?"

"पण इंग्रजीत आहे ती."

"आमच्या घरची जुनी पोथी संस्कृतात आहे. तेही कोनाले समजत नाई. अर्थ सांगनारा पायजे, बस."

मास्तरांनी पुस्तकाकडे हात नेला, तशी मांडवात कुजबुज झाली. उदेलालांनी त्यांचा हात हळूच धरला. "अर्धी पोथी घराभाईर जात नाई. गावातल्या दुधरामच्या घरून अशीच गेली होती, त मयन्याच्या आत त्याचा बैल मेला. समाप्ती करा आन् खुशाल न्या. पोट्ट्यानं अर्धी वाचली आन् कालपासून त्याचा घसा बसला. बरं झालं, तुमीच आले."

बिसरामने खुणेनेच घसा दाखवला आणि मान खाली घातली.

मास्तरांनी हिशेब केला. मंगळवारची दुपार, बुधवार, फार तर गुरुवारची सकाळ. समाप्ती करून दुपारपर्यंत तिरोडा गाठता येईल. शिवाय शेवट वाचून होईल तो निराळाच. करायला गेलो काय आणि झालं काय, असं म्हणत त्यांनी पाय धुतले आणि चौरंगामागे बसले.

कादंबरी आमोस नावाच्या एका तिरसट म्हाताऱ्या शेतकऱ्याची होती. त्याच्या जमिनीतून ओढा वाहत होता. शेजारी हायरम याच्याशी कुंपणाच्या खांबावरून भांडण झालं, आणि आमोसने बांध घालून त्याचं पाणी तोडलं. मास्तर एक परिच्छेद इंग्रजीत वाचत आणि मग त्याचा अर्थ सांगत. इंग्रजी चालू असताना लोक हात जोडून बसत. अर्थ सुरू झाला की पुढे सरकत.

"आमोस बुढ्याले बायको नाई का जी?" उदेलालांच्या बायकोने, सुखवंताबाईंनी, विचारलं. चुलीपायी त्यांची सुरुवात हुकली होती.

"वारली ती. सत्तराव्या पानावर."

"म्हनूनच," सुखवंताबाई म्हणाल्या.

वेळ वाचवायला मास्तर मधली वर्णनं गाळू लागले. डोंगर, सूर्यास्त, गवताळ माळ, सगळं दोन शब्दांत उडवू लागले. तिसऱ्या पानाला उदेलालांनी बोट वर केलं.

"मास्तरजी, पान भरून मजकूर होता. अर्थ टीचभर कसा निंगाला?"

"सूर्यास्ताचं वर्णन होतं, पटेलजी."

"मंग सांगा ना सूर्यास्त. आमी काई फुकट नाई बसलो."

सूर्यास्त सांगावा लागला. मंगळवारी जेमतेम चाळीस पानं झाली.

बुधवारी मास्तरांच्या एक गोष्ट ध्यानात आली. मांडवाच्या कुंपणाबाहेर, कडुलिंबाखाली, एक माणूस एकटाच बसून ऐकत होता. काल तो रस्त्याच्या पलीकडे होता. आज अलीकडे आला होता. दुपारपर्यंत तो कुंपणाला टेकला. बिसरामने वहीच्या कागदावर लिहून दाखवलं: 'शिवलालकाका. बोडीखालचं शेत त्यांचं. सहा वर्षांपूर्वी त्यांची म्हैस आमच्या पऱ्ह्यात, धानाच्या रोपात, शिरली. आजाने पाट बुजवला. तेव्हापासून बोलणं बंद.'

मास्तर धानाच्याच घरचे होते. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. पाच वर्षं पाऊस पुरला म्हणून निभावलं. यंदा हस्ताने दगा दिला होता. शिवलालचं धान नुकतंच निसवलं होतं, कणसात दूध भरायची वेळ, आणि बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, भेगा पडलेल्या. आठ दिवसांत एक पाणी मिळालं तर धान, नाही तर तणस, नुसता पेंढा. वर उदेलालांची बोडी काठोकाठ भरलेली.

आणि इथे मास्तर दुपारभर वाचत होते ते हेच. हायरमचा मका वाळू लागला होता.

"आमोसचं काय चुकलं?" उदेलाल मांडीवर थाप मारून म्हणाले. "पानी त्याच्या जमिनीत आहे."

कुंपणापाशी बसलेला शिवलाल हवेकडे बघून म्हणाला, "पानी ढगातून पडते. त्याच्या बापानं नाई पाडला."

सहा वर्षांतला तो पहिला शब्द. मग उदेलालांचे दोन पुतणे उठले, शिवलालचे तीन भाचे उठले, आणि कोणीतरी कोपऱ्यातली लाठी आपल्याजवळ ओढली. मास्तरांनी पुस्तक छातीशी धरलं. ते फाटलं तर नोकरी गेली, हे त्यांना त्या घडीलाही आठवलं, आणि त्याची त्यांना पुढे बरेच दिवस लाज वाटत राहिली.

"बसा खाली," सुखवंताबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, पण सगळे बसले. "कायले भांडून राहिले? पोथी घरात बसली आहे ना? मंग पोथीलेच विचारा. आमोस बुढा शेवटी जे करन, तेच तुमी करा. पानी सोडलं त सोडा. नाई सोडलं त शिवलालनं पुन्हा नाव काढू नये."

उदेलाल हसले. दोन दिवस ऐकून त्यांना आमोसची खातरी पटली होती. ते उठले, चौरंगापाशी गेले आणि पुस्तकावर हात ठेवला. "मंजूर. पोथी म्हनन तसं."

 मग शिवलालही चप्पल काढून आत आला आणि त्याने हात ठेवला. दुसरा इलाजच नव्हता त्याच्यापाशी.

गुरुवारी सकाळी आंघोळ करून मास्तर सगळ्यांच्या आधी मांडवात गेले. पोथीचं पुढचं पान आधी उघडायचं नसतं, म्हणून त्यांनी झेंडूची फुलं बदलण्याचं निमित्त केलं आणि शेवटचं पान उलटलं. ते अर्धंच होतं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं.

आमोस पाणी सोडत नाही. हायरमचा मका जळतो. हायरम बायकापोरांना गाडीत घालून मुलूख सोडून जातो, आणि आमोस खिडकीत बसून आपल्या भरलेल्या पाण्याकडे बघत राहतो. एवढंच. पुढे कागद कोरा.

वाचून दाखवावं तर शिवलाल बुडाला, आणि लाठ्या कोपऱ्यातच होत्या. खोटं सांगावं तर पोथीसमोर बसून खोटं, पण ते एक वेळ पचवता आलं असतं. त्या मांडवात इंग्रजी कळणारं होतं कोण? घसा बसलेला बिसराम. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, खोटंच सांगायचं. जरा हलकं वाटलं.

दुपारी दहा-बारा पानं उरली असताना रस्त्यावर जीप थांबली.

मुन्नालालजी पुढे धावत आले. त्यांच्या काखेत शाळेचं शेरेबुक होतं आणि चेहरा पांढराफटक पडला होता. मागून नाफडे साहेब उतरले. बुटका, गोरा माणूस, सोनेरी काडीचा चष्मा, ओठ घट्ट मिटलेले.

"वर्गात बावीस मुलं आहेत," साहेब म्हणाले, "शिक्षक नाही, पुस्तक नाही. काय प्रकार आहे हा, टेंभरे?"

मास्तरांच्या तोंडून शब्द फुटण्याआधी उदेलालच बोलले. "पोथी चालू असताना मधात बोलत नाई, सायेब. जोडे तिकडं काढा. पाय धुवा. बसा."

साहेबांनी मुन्नालालजींकडे बघितलं. मुन्नालालजींनी आभाळाकडे बघितलं. चाळीस माणसं साहेबांच्या बुटांकडे बघत होती. साहेबांनी बूट काढले, पाय धुतले आणि चौरंगापासून हातभर अंतरावर येऊन बसले. मान थोडी वाकडी केली असती तर त्यांना पान दिसलं असतं. त्यांनी ती केलीही.

मास्तर वाचत गेले, अर्थ सांगत गेले. एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. साहेब मधूनमधून मान हलवत होते. एकदा तर "वा" म्हणाले. गीता तिरोड्याच्या स्टेशनावर उतरतेय असं मास्तरांना क्षणभर दिसलं.

मग शेवटचं पान आलं. मास्तरांनी ते इंग्रजीत वाचलं, सावकाश, जसं होतं तसं. लोक हात जोडून होते. शिवलालने डोळे मिटले होते. त्याचा अंगठा पायाखालची माती उकरत होता.

"अर्थ," उदेलाल म्हणाले.

"आमोस बुढा खिडकीत बसला होता," मास्तर म्हणाले आणि थांबले. साहेब त्यांच्याकडे बघत होते. एक वाक्य खरं सांगायचं, की नोकरी कायम. मास्तरांनी शिवलालच्या अंगठ्याकडे बघितलं. "त्याला हायरमची गाडी जाताना दिसली. गाडीत बायकापोरं होती. त्याला वाटलं, हे पाणी मी कोणासाठी राखतोय? भरलेलं पाणी बघून कोणाचं पोट भरलंय? आपण मेल्यावर खांदा द्यायला शेजारीच येणार, पाणी येणार नाही. मग तो उठला. कुदळ घेतली. आणि त्याने बांध फोडला. पोथी संपूर्ण."

साहेबांनी हात पुढे केला. मास्तरांनी पुस्तक दिलं. साहेबांनी शेवटचं पान डोळ्यांजवळ नेलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग इंग्रजीत, अगदी हळू आवाजात विचारलं, "टेंभरे, तुम्हाला इंग्रजी येतं का?"

"येतं, सर," मास्तर इंग्रजीतच म्हणाले.

"मग हे काय?"

"सर, त्या कोपऱ्यातल्या माणसाचं धान निसवलंय. वरचं पाणी या म्हाताऱ्याचं आहे. दोघांनी पुस्तकावर हात ठेवून शपथ घेतलीय."

बिसराम आपल्या नखांकडे बघत होता.

"काय जी?" उदेलालांनी विचारलं. "मास्तर चुकले का सायेब? तुमी मोठे शिकलेले. तुमीच सांगा."

साहेबांनी पुस्तक मिटलं. मास्तरांनी डोळे मिटले.

"मास्तर चुकले," साहेब म्हणाले. मांडवात कोणीतरी श्वास आत ओढला. "एक शब्द गाळला त्यांनी. आमोसने बांध फोडला तो लगेच फोडला. उद्यावर टाकलं नाही. त्याच दिवशी, उन्हं उतरायच्या आत."

उदेलाल जागचे हलले नाहीत. एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा मास्तरांकडे, एकदा मिटलेल्या पुस्तकाकडे. मग बायकोला म्हणाले, "कुदळ दे."

सगळा मांडव बोडीकडे निघाला. साहेबही निघाले, अनवाणीच. उदेलालांनी धोतर खोचलं आणि सहा वर्षांची मुरलेली माती एकट्याने फोडायला घेतली. कोणाला हात लावू देईनात. पण दहाव्या घावाला त्यांचा दम उखडला, तेव्हा शिवलाल खाली उतरला आणि त्याने न बोलता त्यांच्या हातून कुदळ घेतली. थोड्या वेळाने पाणी पाटात शिरलं.

"आला, आला पानी," बिसराम पाटाच्या कडेने धावत ओरडला. त्याचा आवाज पार तिरोड्यापर्यंत जाईल असा खणखणीत होता.

मास्तरांनी त्याला बकोटीला धरलं. "घसा बसला होता ना रे तुझा?"

"सोमवारीच शेवट वाचला होता सर," बिसराम जमिनीकडे बघून म्हणाला. "मग बसवला."

जीपच्या बॉनेटवर शेरेबुक ठेवून साहेबांनी शेरा लिहिला. ते गेल्यावर मुन्नालालजींनी तो घाम पुसत वाचून दाखवला. "श्री. टेंभरे यांचं विवेचन श्रोत्यांवर परिणाम करणारं आहे. मूळ ग्रंथाशी त्यांचं नातं मात्र सैल आहे. नोकरीत कायम करण्यास हरकत नाही. ग्रंथाच्या कडांवर हळद आढळली, खुलासा मागवावा."

मास्तर सायकलीला पुस्तक बांधत होते, तेव्हा उदेलाल जवळ आले. पाय अजून चिखलाने भरलेले होते.

"मास्तरजी, तो आमोस काई पानी सोडनारा मानूस नव्हता."

मास्तरांचे हात थांबले. "काऊन जी, पटेलजी?"

"तीनशे पानं आयकलं मी त्याले. मी नाई ओळखत का तसल्या मानसाले?" म्हातारा लाल फडक्यावरून हात फिरवत म्हणाला. "आन् शेवटचं पान अर्धंच होतं. अर्थ लय मोठा निंगाला तुमचा."

"मग तुम्ही कुदळ का मागितली?"

उदेलालांनी फडक्याची सैल झालेली गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली.

"सहा वर्षं झाले, कोनी सांगतच नव्हतं ना जी," ते म्हणाले.